सूतभर मागे

सुनीतावर आणि माझ्या तुळशीराममामावर अन्याय झाला तो २००४ सालच्या मे महिन्यातल्या तिसऱ्या शुक्रवारी, दुपारी पावणेदोन वाजता. वार-वेळ मुद्दाम लिहिते आहे. आमच्याकडे अन्याय ‘मागं कधीतरी’ झालेला असतो आणि ‘झाला असंल बाप्पा’ म्हणून मिटतो. हा मिटू द्यायचा नाही, म्हणून घड्याळासकट.

सुनीता शेजारच्या घरची सून. तिला कळा सुरू झाल्या होत्या आणि केशोरीच्या पलीकडच्या आमच्या गावातून गोंदियाला न्यायचं होतं. गावात भाड्याचं चारचाकी वाहन एकच, मामाची पेट्रोलवरची जुनी व्हॅन. जंगलातल्या लांब चढावर व्हॅनचा दम गेला. आधी सरकेना, मग पाणी उकळलं, मग बंद. सुनीताच्या सासूनं व्हॅनच्या दाराला लुगडं बांधून आडोसा केला आणि तिथंच, डांबराच्या कडेला, मुलगी झाली. धडधाकट झाली. आता शाळेत जाते, आणि गाव तिला अजून ‘चढावावरची’ म्हणतं. पोरीच्या रडण्याचा आवाज ऐकून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. सुनीताच्या दोन दिरांनी तो टाकला आणि मग चप्पल काढून मामाला मारलं.

“खटारा घेऊन फिरतं बे, अन् बायाईच्या जीवाशी खेळतं!”

व्हॅन खटारा नव्हती. आठच दिवसांपूर्वी ती मिस्त्रीच्या हाताखालून आली होती. मामा तिला दर महिन्याला त्याच्याकडे नेत असे, लोक देवाला जातात तितक्या नेमानं. आणि हे सगळं लिहिण्याचं कारण तो मिस्त्री आहे. नाव देत नाही. नाव दिलं तर त्याचे पुतणे फोन करतील, आणि न देताही आमच्या भागातले लोक दुसऱ्याच ओळीत ओळखतील.

कारण गॅरेजमध्ये पांढरे कपडे घालणारा मिस्त्री जिल्ह्यात एकच होता. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, आणि त्यावर ऑइलचा एक ठिपका नाही. हात धुवायला साबण नाही, धानाचा कोंडा. फाट्यावरच्या त्याच्या टिनाच्या शेडमध्ये कोंड्याचं एक पोतं कायम उघडं असे. मूठभर घ्यायचा, कोपरापर्यंत चोळायचा, झटकायचा. “तेल लागते त्याले मिस्त्री नाही मनत, हमाल मनतात,” हे त्याचं ब्रह्मवाक्य. ते तो दुसऱ्या मिस्त्र्यांसमोर मुद्दाम म्हणत असे.

गिऱ्हाइकाचं तो ऐकत नसे. लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, घ्यायचा, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तेवढ्यात मालकानं तोंड उघडलं की संपलं. आमच्या शाळेचे गुरुजी एकदा स्कूटरची तक्रार सांगायला लागले, “मिस्त्री, काय झालं, परवा मी शाळेतून...”

“गुरुजी, वर्गात तुम्ही बोलता तवा पोट्टे बोलतात का?”

“नाही.”

“मंग इथं थे बोलून राहिली. तुम्ही चूप बसा.”

गुरुजी चूप बसले. डॉक्टर चूप बसले, ठाणेदार चूप बसले. अपमान करून घेण्यासाठी लोक वीस-वीस किलोमीटरवरून यायचे आणि त्याचं कौतुक सांगत परत जायचे. आपल्याकडे हे असंच आहे. माणूस पुरेसा उर्मट असला की तो ज्ञानी असतो.

पेट्रोल तो बोटावर घेऊन जिभेला लावत असे आणि थुंकत असे. थुंकायला वेगळा डबा होता. मी लहान असताना मला वाटायचं, त्या डब्यात केवढं मोठं शास्त्र साठलं असेल! आणि काढलेले प्लग तो फेकत नसे. अंड्यांचे कागदी ट्रे असतात ना, खळग्यांचे, त्यात एकेका खळग्यात एकेक प्लग उभा करून ठेवायचा. खाली चिठ्ठी: गाव, महिना, साल. शेडच्या मागच्या भिंतीला असे ट्रे छतापर्यंत गेले होते. “डॉक्टर जीभ पाहते, मी प्लग पाहतो. जीभ एकदा खोटी बोलंल, प्लग नाही बोलत.”

लक्षात ठेवा हे वाक्य. त्याचंच आहे, आणि त्याच्याच गळ्यात मी ते बांधणार आहे.

तरुणपणी तो गोंदियाला एका राइस मिलमध्ये इंजिनावर होता. तिथलं इंजिन मिळेल त्या तेलावर चालवायचं, बंद पडू द्यायचं नाही, एवढीच नोकरी. आज चांगलं तेल, उद्या गाळ, परवा आणखी काही. तिथं तो एक तत्त्व शिकला आणि ते त्यानं जन्मभर सोडलं नाही. “लेकराले काय देते माणूस? घरात शिजते थेच देते ना? मंग इंजिनालेबी जे भेटते थे पचवता आलं पाहिजे.”

आणि आमच्या रस्त्यावर इंजिनाला काय भेटत होतं? रस्त्यावर पंप एकच होता. त्याच्या शेठचंही नाव देत नाही, त्याचा पंपही आता त्याच्याकडे नाही. गणपतीला मोठी वर्गणी, नवरात्राला त्याहून मोठी, जानेवारीत घरटी एक कॅलेंडर. माझ्या आईला रेशनवर रॉकेल मिळायचं ते महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांत ‘संपलेलं’ असायचं. कुठं संपलं? आम्ही कंदील काटकसरीनं पेटवत होतो आणि आमच्या कंदिलातलं तेल शेठच्या पंपातून मामाच्या व्हॅनमध्ये जात होतं, पेट्रोलच्या भावानं. गावाला हे माहीत नव्हतं असं म्हणू नका. वास सगळ्यांना येत होता. पण ज्याच्या कॅलेंडरवर आपण एकादशी बघतो, त्याच्या पेट्रोलचा वास घ्यायचा नसतो.

रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलनं गाडीचं काय होतं ते सरळ सांगते, कारण हे कळू नये अशीच सगळी व्यवस्था आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते, मग प्लगची ठिणगी पडते आणि ते पेटतं. चांगलं पेट्रोल ठिणगीपासून शिस्तीत जळत जातं. रॉकेल मिसळलेलं तेवढा दाब सोसत नाही. त्यातला न जळलेला भाग मध्येच आपणहून भडकतो आणि पिस्टनवर हातोडीसारखा आदळतो. टक-टक-टक. गाडीत माणसं भरलेली, समोर चढाव, आणि तुम्ही पाय दाबला, की हमखास. मिस्त्री लोक त्याला नॉकिंग म्हणतात. तो आवाज म्हणजे इंजिनाची ओरड आहे. ‘मला काय पाजलंत?’ म्हणून.

आता ही ओरड बंद करायचे दोन रस्ते. एक, पेट्रोल चांगलं घालायचं. दुसरा, डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा भाग, थोडा फिरवून ठिणगी उशिरा पाडायची. उशिरा ठिणगी पडली की दाब कमी आणि टकटक गायब. आमच्या बाया पायानं दाबायच्या ढेकीवर धान कांडतात, त्यांना विचारा. पाय अवेळी दिला तर आवाज होत नाही, पण धानही कांडलं जात नाही. तसंच. पिस्टनला ढकलायची आग धुरांड्यातून बाहेर पडते, व्हॉल्व जाळते, पाणी उकळवते. पिकअप जातो, ॲव्हरेज पडतो, प्लगवर काजळी धरते. पण आवाज? आवाज अजिबात नाही. लोण्यासारखी गाडी.

मिस्त्री हेच करायचा. सूतभर मागे. सूत म्हणजे सुताराच्या पट्टीवरची बारकी रेघ. कंपनीनं टायमिंगची खूण दिलेली असे, तिच्यापासून तो डिस्ट्रिब्युटर सूतभर मागे फिरवायचा, नट आवळायचा, कोंड्यानं हात घासायचा. गाडी गप्प.

आणि आमच्या लोकांनी त्याचा संस्कार करून टाकला! नवी गाडी आली की आधी देवळासमोर नारळ, मग लिंबू-मिरची, मग फाट्यावर मिस्त्रीकडे ‘सूतभर मागं करून घ्यायला’. शोरूममधून आणलेली कोरी करकरीत गाडी, तिला पहिल्याच दिवशी लुळी करून आणायची आणि वर पेढे वाटायचे. बाहेरगावच्या कोणी विचारलं तर म्हणायचं, “आपल्या इकडची हवा वेगळी हाय ना.” हवा! हवेला बिचारीला काय माहीत.

तर मामाची व्हॅन. बारा वर्षं सूतभर मागे. मे महिना, पाच माणसं, कळा देणारी बाई, लांब चढाव. ती थांबली नसती तरच नवल.

दोन दिवसांनी ग्रामसभा बसली. मी तेव्हा गोंदियाला कॉलेजात होते, सुट्टीला घरी आले होते, मागे बायकांत उभी होते. मामाच्या डोळ्याखाली सूज होती. तो हात जोडून म्हणाला, “गाडी बराबर होती गा. पेट्रोलात काहीतरी होतं. मिस्त्रीले विचारा.”

मिस्त्रीला बोलावलं होतंच. व्हॅन ट्रॅक्टरनं ओढून त्याच्याच शेडमध्ये नेली होती, तिचे तीनही प्लग त्यानंच काढले होते. तो खुर्चीवर बसला होता, पांढरा शुभ्र. सरपंचांनी विचारलं, “मिस्त्री, गाडीत काय फॉल्ट होता?”

“गाडीत फॉल्ट नव्हता,” मिस्त्री म्हणाला. “गाडी माह्या हातची हाय.”

एवढंच. उठला, सदरा झटकला, गेला.

गाडीत दोष नाही, मग दोष कोणात? सभेला फार विचार करावा लागला नाही. मामानं गाडी नीट चालवली नाही. मामानं पाणी पाहिलं नाही. मामा प्यायला असेल. शेठकडून थंडा आला होता, तो पीत पीत हे ठरलं. कागदावर काहीच नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून गावातलं कोणी मामाच्या व्हॅनमध्ये बसेना. लग्नाचं भाडं गेलं, बाजाराचं गेलं. मुलांनी ‘उकळला मामा’ असं गाणं केलं. पावसाळा उतरायच्या आत मामा व्हॅन आमच्या अंगणात लावून गोंदियाला एका राइस मिलच्या फाटकावर राखण करायला गेला. जाताना म्हणाला, “बाई, मले मार लागला त्याचं काही नाही. पर मी चढावर सुनीताले जीवानं मारत होतो असं मनतात.” त्याला व्हॅन नको होती. त्याला फक्त हे एक वाक्य गावाच्या तोंडातून काढून हवं होतं.

दिवाळीला मी मिस्त्रीच्या शेडमध्ये गेले. कॉलेजात आम्ही पाच-सहा जण ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं वाटत होतो. पेट्रोलवरचं पत्रक मीच लिहिलं होतं, फार जाज्वल्य, प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह. ते त्याच्या हातात दिलं. त्यानं लांब धरून वाचलं.

“तू लिहिलं का व?”

“हो.”

“लगीत ओरडतं तू.” लगीत म्हणजे फार.

मी मागच्या भिंतीशी गेले. शोधायला वेळ लागला नाही. मेचा ट्रे, आमचं गाव, २००४, तीन खळगे. चांगल्या पेट्रोलवरचा प्लग फिक्या विटेच्या रंगाचा असतो, हे त्याच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. हे तीन तव्याच्या बुडासारखे होते.

“हे काय आहे?”

“काळे प्लग.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत होतं. मंग?”

“मग सभेत सांगितलं का नाही?”

“मले पेट्रोलचं कोन विचारलं? गाडीचं विचारलं. गाडीत फॉल्ट नव्हता.”

असा माणूस. खोटं बोलला नाही म्हणून ताठ मानेनं बसलेला. मी म्हणाले, “मिस्त्री, चोरी शेठ करतो. पण गाडी ओरडते तेव्हा तिचं तोंड तुम्ही दाबता. सूतभर मागे म्हणजे दुसरं काय?”

त्यानं पेचकस खाली ठेवला. “चाल, निघ इथून. अन् तुह्या मामाले सांग, माह्या हातची गाडी रस्त्यात आवाज करत नाही.”

“खरं आहे. ती आवाज न करता मरते.”

निघताना पाहिलं, माझं पत्रक त्यानं घडी करून एका ट्रेखाली पाचरीसारखं सरकवलं होतं. ट्रे डगमगत होता म्हणून.

मी जिल्हा पुरवठा कार्यालयात तक्रार केली. गोंदियाहून एक साहेब आले. ते येणार हे मला कळायच्या आधी शेठला कळलं होतं, त्यामुळे त्या दिवशी आमच्या पंपावर जे पेट्रोल मिळालं तसं आयुष्यात मिळालं नव्हतं. साहेबांनी फिल्टर पेपरवर थेंब टाकला, तो भुर्रकन उडाला, मागे डाग नाही, म्हणजे भेसळ नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं ते पास झालेल्या मुलाच्या बापानं नापास झालेल्याच्या बापाकडे पाहावं तसं. मग ते फाट्यावर मिस्त्रीकडे गेले, चौकशी पुरी करायला. मी मागोमाग.

“इथल्या गाड्यांची काही तक्रार?”

“माह्या गाड्या आवाज करत नाहीत,” मिस्त्री म्हणाला.

साहेब खूश झाले. त्याच्या पांढऱ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “भई वा मिस्त्रीजी, आप जैसे कारीगर हैं, इसीलिए शेठजी का पंप चल रहा है.”

चांगल्या मनानं म्हणाले होते, हेच त्यातलं विष. साहेबांच्या हाताला मघाचं काही लागलं असावं. सदऱ्यावर चार बोटांचा पुसट डाग उमटला. मिस्त्रीनं त्या डागाकडे पाहिलं. कोंडा घेतला नाही, काही नाही. संध्याकाळी शेठकडून पेढ्याचा पुडा आला. दुसऱ्या दिवशी तो शेडसमोर रस्त्यावर उघडा पडलेला लोकांनी पाहिला. कावळे होते त्यावर.

मला वाटलं आता माणूस बोलेल. साक्ष देईल, सभेत उभा राहील. छे! बोलायचं तर तोंड लागतं, आणि याचं तोंड फक्त दुसऱ्याला चूप बसवायला उघडायचं. त्यानं काय केलं? होळीपासून त्याच्याकडे जी गाडी आली ती त्यानं कंपनीच्या खुणेवर आणून ठेवली. न विचारता, न सांगता.

मग काय मजा झाली विचारू नका. चढावर गाड्याच गाड्या बोलायला लागल्या. गुरुजींची स्कूटर टक-टक, डॉक्टरांची कार टक-टक, लग्नाच्या वरातीत नवरदेवाची गाडी वाजंत्र्यांवर वरचढ. लोक फाट्यावर धावले.

“मिस्त्री, काय करून ठेवलं गा? खडखड करून राहिली!”

“आयका. थे काय मनते थे आयका.”

“बंद कर ना बाप्पा.”

“खडखड माही नाही. ज्याची हाय त्याले जाऊन सांगा.”

कुणाची आहे, हे त्यानं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. एका माणसानं, एकानं तरी, पंपावर जाऊन विचारावं? नाही. गावानं आठ दिवसांत निकाल दिला: मिस्त्रीचा हात गेला. म्हातारा झाला. डोळ्यात मोतीबिंदू आलाय. आणि सगळ्या गाड्या रांगेनं अर्जुनीच्या रस्त्यावरच्या एका नव्या मिस्त्रीकडे गेल्या. तो पोरगेला होता, कपडे तेलकट होते, तो गिऱ्हाइकाचं अगदी गोड ऐकून घ्यायचा आणि सूतभर मागे करून द्यायचा. जन्मभर आमच्या मिस्त्रीनं खोट्या कारागिरीवर मान मिळवला, आणि खऱ्या कामाचा एक महिना केला तर गावानं त्याला रिकामा बसवला. मला त्याची दया आली असं समजू नका. मला गावाची चीड आली, एवढंच.

मे महिन्यात ग्रामसभा होती. मिस्त्री आपणहून आला. पांढराच. उभा राहून म्हणाला, “तुळशीरामच्या गाडीचं मले सांगायचं हाय. पर इथं नाही. चढावर चाला.”

“इथंच सांग ना, मिस्त्री.”

“इथं सपाट हाय. सपाटीवर थे नाही बोलत.”

सभा हसली. ऊन किती आहे, चढावर सभा भरते का, म्हातारा खुळावला. सरपंचांनी विषय पुढं ढकलला. शेठची माणसं तर पोट धरून हसली.

पण मागून एक बाई उठली. सुनीताची सासू. पदर कमरेला खोचत म्हणाली, “माही नात त्या चढावर झाली. मी चालतो.” सुनीता मुलीला कडेवर घेऊन तिच्यामागे. मी त्यांच्यामागे. बस, एवढीच सभा.

व्हॅन मिस्त्रीनं आदल्याच दिवशी आमच्या अंगणातून नेली होती. नवे प्लग, टाकी कोरडी, टायमिंग खुणेवर. आम्हाला बसवलं, शेठच्या पंपावर भरलं आणि चढाला लागला. अर्ध्यावर त्यानं पाय दाबला. टक-टक-टक-टक. चणे फुटल्यासारखं. मुलगी दचकून आईला बिलगली. मिस्त्री तसाच वर गेला, वळवली, खाली आणली, टाकी कॅनमध्ये रिकामी केली आणि गोंदियाहून आणलेल्या दुसऱ्या कॅनमधलं ओतलं. गाडी, माणसं, चढाव, सगळं तेच. नटाला हात लावला नाही. आम्ही चढायला लागलो. अर्ध्यावर त्यानं पाय दाबला.

काही नाही. व्हॅन नुसती वर गेली. जिथं ती वर्षापूर्वी मेली होती तिथून पाखरासारखी गेली.

वर त्यानं इंजिन बंद केलं. जंगलात शांत होतं. म्हातारीनं समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “मंग आमच्या पोट्ट्याईनं तुळशीरामले कायले मारलं व माय?”

मिस्त्री स्टिअरिंगवरचे आपले हात बघत म्हणाला, “मी सूतभर मागं ठेवली होती. आवाज आला असता तर त्याले आधीच समजलं असतं. गाडी चढावर नेलीच नसती.”

हे त्यानं तीन बायांसमोर आणि एका वर्षाच्या पोरीसमोर सांगितलं. सभेसमोर कधीच नाही. म्हणून मी त्याला माफ केलेलं नाही. लोक मला सांगतात, अगं, शेवटी कबूल केलं ना त्यानं. केलं. पण सूतभर कमीच. आयुष्यभर ज्याला सूतभराचा हिशेब कळत होता त्याला हे कळलं नसेल? पुढं दोन वर्षांत शेड बंद झाली आणि मग मिस्त्रीही गेला. ट्रे पुतण्यांनी भंगारात दिले.

सुनीताच्या सासूनं मात्र दुसऱ्या दिवशी एसटी पकडली. गोंदियात राइस मिलच्या फाटकावर जाऊन, हमाल-ट्रकवाल्यांच्या गर्दीत, मामाला म्हणाली, “तुळशीराम, चूक आमची होती गा. तू माह्या सुनेले मारत नव्हता, वाचवून राहिला होता.” मामा सांगतो, त्यानं तिला आपली खुर्ची दिली. तिच्या मुलांनी, मारणाऱ्यांनी? “झालं थे झालं.” गावानं? गावाला विषय आठवतच नाही. मामा अजून त्याच फाटकावर आहे.

आता नव्या गाड्या आल्या आहेत. त्यांत डिस्ट्रिब्युटर नसतो, सूतभर मागे करता येत नाही. टायमिंग गाडीच ठरवते. पेट्रोल वाईट असलं की गाडी अडखळते आणि बऱ्याचदा समोर एक पिवळा दिवा लागतो. मग आमचे लोक काय करतात? अर्जुनीच्या रस्त्यावरच्या त्याच मिस्त्रीकडे जातात आणि म्हणतात, दिवा बंद करून दे. दिवा बंद होत नसला तर त्यावर काळी चिकटपट्टी लावून घेतात. मी अशा चार गाड्यांत बसले आहे. त्यातली एक सुनीताच्या धाकट्या दिराची आहे.

तुमच्या गाडीत आहे का पट्टी? असेल तर आत्ता काढा. आणि उद्या पेट्रोल भरायला जाल तेव्हा गाडीतून खाली उतरा आणि फिल्टर पेपर मागा. तो देणं पंपावर बंधनकारक आहे, फुकट. ‘संपला’ म्हणतील. म्हणा, मी थांबतो. मागची रांग हॉर्न वाजवेल. वाजवू द्या. पाइपचं तोंड पुसायला लावा, कागदावर एक थेंब टाका आणि दोन मिनिटं तिथंच, सगळ्यांसमोर, उभे राहा. थेंब उडून गेला तर पेट्रोल भरा. तेलकट डाग राहिला तर तो कागद खिशात घालू नका. हात वर करा आणि मागच्या रांगेला दाखवा.